ज्या पंचनाम्याला कुणीच हजर नव्हते

नोकरीत मी हजारो कागदांवर सह्या केल्या. त्यातली एक निवृत्तीनंतरही माझा पिच्छा सोडत नाही. ती सही माझीच होती, आणि खोटी होती.

गुन्हेगार कसा पकडला याच्या गोष्टी पोलीस अधिकारी नेहमी सांगतात. मीही शाळा-कॉलेजांत बोलावले की सांगतो. ही गोष्ट त्यातली नाही. रुग्णालयात जखमा धुणाऱ्या एका साध्या माणसाने ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला कसे पकडले, त्याची ही हकीकत आहे. नाव मी कुणाचेच लिहीत नाही, ठाण्याचेही नाही. पण घडले ते आडपडदा न ठेवता लिहितो.

अंबड आणि घनसावंगीच्या मधल्या पट्ट्यात एका लहान ठाण्याचा मी प्रभारी होतो. त्या भागात दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालतात आणि ठाण्याचे काम दुप्पट होते. त्या वर्षी त्यात डीपीच्या चोऱ्यांची भर पडली. शेतातल्या विजेच्या रोहित्राला आमच्याकडे सगळे डीपी म्हणतात. चोर तो फोडतात, तेल काढतात आणि आतली तांब्याची तार नेतात. एक डीपी गेला की दहा-बारा शेतकऱ्यांच्या मोटारी बंद पडतात आणि नवा बसेपर्यंत उभे पीक डोळ्यांदेखत वाळते. घरफोडीपेक्षाही लोकांना या चोरीचा राग जास्त.

एका सकाळी, नुकते दिसायला लागले असताना, साठीतला एक शेतकरी मोटार चालू करायला शेतात गेला. डीपीजवळ त्याला कुणीतरी दिसले असावे. मागून त्याच्या डोक्यात जबर मार बसला. शेजाऱ्याला तो बांधावर पडलेला सापडला. डीपी फोडलेला होता. ग्रामीण रुग्णालयात पट्टी करून त्याला जालन्याला हलवले. जीव वाचला, पण त्या सकाळचे त्याला काहीही आठवेना. शेवटपर्यंत आठवले नाही.

दुसऱ्या दिवशी चौकात रास्ता रोको झाला. "आरोपी धरा, मंगच रस्ता सोडतो," लोक म्हणत होते. वरून फोन सुरू झाले. मी लोकांसमोर उभा राहून दोन दिवसांचा शब्द दिला. तपासाला दिवसांचा शब्द देऊ नये, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

त्याच दिवशी खबर मिळाली. ठाण्यात एक माणूस नेहमी येत असे. त्याला सगळे झिरो वायरमन म्हणत. असे लोक वीज कंपनीच्या नोकरीत नसतात, पण खरा लाईनमन यायला वेळ लागतो म्हणून गावोगाव फ्यूज बसवणे, तारा ओढणे ही कामे तेच करतात. आमच्या ठाण्याची लाईटही तोच बघायचा. स्टुलावर चढून होल्डर बसवता बसवता तो म्हणाला, "साहेब, कारखान्याच्या तळावर टोळी आल्ती, बघितली का? त्यात तो जुना डीपीवाला हाय."

"कोण जुना?"

"ज्याला तेलाच्या चोरीत धरलं होतं, तुमच्या आधीच्या साहेबांनी. जमादाराला इचारा."

जमादाराला, म्हणजे माझ्या हेडकॉन्स्टेबलला, तो पक्का आठवत होता. संध्याकाळच्या आत आम्ही त्या माणसाला आणले. वय पंचवीस-सव्वीस, हातापायांना उसाच्या पानांचे चरे. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"तवा केलं होतं, तवा कबूल केलं," तो म्हणाला. "आत राहून आलो. आता म्या केलंच न्हाई तर कबूल काय करू?"

"त्या सकाळी कुठं होतास?"

"खोपीत. थंडी होती. बायको भाकरी करू राह्यली होती."

"आणखी कुणी पाहिलं?"

"पाहायला म्या काय नवरदेव हाय?"

जमादार हसला. मला राग आला. खरे तर तिथेच मी थांबायला हवे होते. लबाड माणूस चार साक्षीदार खिशात घेऊन बोलतो, न विचारलेलेही सांगतो. या पोराकडे एकच उत्तर होते आणि पोलीस कोठडीचे सगळे दिवस त्याने तेच दिले. पण त्याच्या नावावर जुना गुन्हा होता, चौकात लोक होते आणि माझा शब्द गेलेला होता. जुना गुन्हा समोर असला की पोलिसाचे डोके आळशी होते.

कोठडीच्या शेवटच्या दिवशी घनसावंगीला एका मंत्र्यांचा दौरा होता. दिवसभर मी बंदोबस्तात होतो. परत आलो तेव्हा जमादाराने फाईल पुढे ठेवली.

"कोयता निघाला, साहेब. पाचटाखाली दडवला होता. पंच बराबर बघून घेतलेत."

मी कागद वाचला. आरोपीने दोन पंचांसमक्ष आणि माझ्यासमक्ष कोयता लपवल्याचे सांगितले, आम्हाला सर्वांना उसाच्या फडात नेले, वाळल्या पानांचे पाचट बाजूला करून कोयता काढून दिला, त्याच्या मागच्या बाजूने आपण वार केला असे सांगितले, असे त्यात लिहिले होते. खाली दोन पंचांच्या सह्या होत्या. 'समक्ष' या शब्दाखाली माझ्यासाठी जागा सोडलेली होती. मी पेन उघडले, सही केली, पेन बंद केले.

पोलीस खात्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पंच म्हणजे त्रयस्थ माणूस. पोलिसांनी काय पाहिले, काय जप्त केले, ते त्यानेही डोळ्यांनी पाहावे आणि मग सही करावी, यासाठी त्याला बोलावतात. कायद्याने पोलिसावर ठेवलेली ही पाळत आहे. पण फडात यायला कुणाला वेळ नसतो, कोर्टात खेटे घालायला कुणी तयार नसते, म्हणून कित्येकदा कागद आधी लिहिला जातो आणि सही नंतर कुठेतरी घेतली जाते. हे मी पाहिले होते. 'चालायचेच' म्हणून चालू दिले होते.

त्या कागदावरचा एक पंच ठाण्यासमोरचा चहावाला होता. दुसरा ग्रामीण रुग्णालयातला पुरुष परिचारक. त्याला सगळा तालुका ब्रदर म्हणत असे. पन्नाशीचा, ख्रिस्ती, तीन पिढ्यांपासून याच जिल्ह्यातला. पेशंट गरीब असो की पुढारी, रांग मोडू देणार नाही अशी त्याची ख्याती. जमादार खूश होता. "ब्रदर म्हणला की कोर्टालाबी शंका येत न्हाई, साहेब."

आरोपी न्यायालयीन कोठडीत गेला. रास्ता रोको करणाऱ्यांनीच चौकात माझा सत्कार केला. मी हार घालून घेतला.

त्यानंतर आरोपीची बायको दर चार-सहा दिवसांनी ठाण्याच्या फाटकाशी येऊ लागली. नवऱ्याविना फडात तिला तोडीवर धरत नव्हते, इतरांच्या मोळ्या बांधायला ठेवले होते. ती रडत नसे. भांडत असे.

"साहेब, त्याला ठिवा न्हाईतर सोडा, तो तुमचा कायदा. माझा कोयता द्या. म्या कापू कशानं?"

"कोयता मुद्देमाल आहे. कोर्टाच्या हुकमाशिवाय मिळत नाही."

"त्यानं काय केलं असंल ते असंल. माझ्या कोयत्यानं काय केलं?"

शिपाई हसत. मलाही वाटायचे, बाई भोळी आहे, नवऱ्याच्या हत्याराला आपले म्हणते. तिला एकच साधा प्रश्न विचारायचा होता, की कोयता शेवटचा कुठे होता. तो मी एकदाही विचारला नाही.

दोषारोपपत्र पाठवायला तेरा दिवस उरले होते. सकाळची हजेरी संपवून मी स्टेशन डायरी वाचत होतो. दारात ब्रदर उभा. हातात जेवणाचा डबा.

"सलाम, साहेब. मला माझी सही परत घ्यायची आहे."

"कसली सही?"

"कोयत्याच्या पंचनाम्यावरची. मी तिथं गेल्तोच न्हाई."

मी शिपायाला दार ओढून घ्यायला सांगितले. पंच उलटला की पोलीस आधी एकच गोष्ट शोधतो, की त्याला कुणी फिरवले. मी सगळे मार्ग वापरले. टोळीचे लोक भेटले का? कुणी दम दिला का? कुण्या वकिलाने शिकवले का? प्रत्येक प्रश्नाला तो 'न्हाई' म्हणत होता. आवाज चढला नाही, पडलाही नाही.

"मग घरी कुणी आलं होतं का?"

"आल्ते. आमचे पाळक आल्ते."

पाळक म्हणजे त्यांच्या चर्चचे धर्मगुरू. मी वहीत नोंद करायला पेन उचलले. "काय म्हणाले?"

"विचारत होते, मी ताट पुढं का ढकलतो."

मला काही समजले नाही. मग त्याने सावकाश सांगितले. "आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे ताटात घालून फिरवतात, द्राक्षरसाचे बारके पेले असतात. ते घेण्याआधी ज्याचं त्यानं स्वतःला तपासायचं. कुणाचं आपण वाईट केलं असलं तर आधी जाऊन ते निस्तरायचं. मंगच हात लावायचा."

"आणि नाही निस्तरलं तर? अडवतं कोण?"

"कुणीच न्हाई, साहेब. तीच तर अडचण हाय."

तीन महिने ताट त्याच्यापुढे आले होते आणि तिन्ही वेळा त्याने ते शेजारच्याकडे दिले होते. पंधरा-वीस कुटुंबांची मंडळी. एकाने ताट सोडले की सगळ्यांना दिसते. बायका कुजबुजू लागल्या, ब्रदरचे बाहेर काहीतरी आहे.

"तुमची बायको काय म्हणाली?" मी विचारले. आता मला राग कमी आणि उत्सुकता जास्त होती.

"ती म्हणली, बाहेरचं असतं तर मला तुमच्याआधी कळलं असतं. हे काहीतरी सरकारी दिसतंय."

"पाळकांना सांगितलंत हे सगळं?"

"सांगितलं. वाटलं, ते प्रार्थना करतील आणि माझं मन हलकं होईल. त्यांनी प्रार्थना केली, आणि म्हणले, सही काय माझ्यापुढं केली होती का? जिथं केली तिथं जा."

मी चिडून म्हणालो, "तुमच्या धर्मात तर पश्चात्ताप केला की देव माफ करतो ना? मग झालं की."

ब्रदरने डबा मांडीवर नीट ठेवला. "देवानं माफ केलं तर मी मोकळा होईन, साहेब. आत बसलेला पोरगा कसा मोकळा होईल? त्याला माझ्या सहीनं धरून ठेवलंय, माझ्या पापानं न्हाई. सही मलाच काढावी लागंल."

"मुळात सही केलीत कशाला?"

"त्या म्हाताऱ्याच्या डोक्याची जखम मी धुतली होती. हाताला त्याचं रक्त होतं आणि डोक्यात राग होता. जमादार वॉर्डात कागद घेऊन आले. म्हणले, ब्रदर, चोर सुटावा वाटतं का तुमाला? मी हातमोजा काढला आणि सही केली. वाचलं न्हाई. त्या दिवशी मी सकाळपासून ड्यूटीवर होतो. वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये तासातासाला माझं अक्षर हाय. कागदावर मी फडात, आणि रजिस्टरात वॉर्डात."

"खोट्या सहीबद्दल तुमच्यावर गुन्हा होऊ शकतो, हे माहीत आहे? नोकरी जाऊ शकते."

"माहीत हाय. म्हणून तर डबा आणलाय. आत ठेवलं तर उपाशी राहू नका म्हणली बायको."

लोक ठाण्यात येताना जामीनदार आणतात, पुढाऱ्याची चिठ्ठी आणतात. डबा घेऊन आलेला मी पहिलाच पाहिला.

"साहेब, एक विचारू? राग मानू नका," तो म्हणाला. "त्या कागदावर तुमची पण सही हाय. तुम्ही तरी होता का तिथं?"

हा प्रश्न विचारायचा तुम्हाला अधिकार नाही, असे मी म्हणू शकत होतो. नोकरीत कित्येकांना म्हटले होते. पण समोर बसलेला माणूस स्वतःची नोकरी टेबलावर ठेवून बोलत होता. त्याच्यापुढे ते वाक्य तोंडातून निघेना.

"नव्हतो," मी म्हणालो.

"मंग तिथं होतं कोण?"

मी जमादाराला आत बोलावले. त्याने ब्रदरला पाहिले आणि प्रकार ओळखला. आधी त्याने थट्टेवारी नेऊन पाहिले. "ब्रदर, पोलिसांचंबी एक बायबल असतं बरं का. स्टेशन डायरी. तिच्यात लिहिलं ते घडलं."

"म्हणून तर ते नीट लिहायचं असतं, जमादार," ब्रदर म्हणाला.

मग जमादाराने सांगितले. तो कोयता पाचटाखाली नव्हताच. त्याने तो आरोपीच्या खोपीतून उचलला होता, आणि तो बायकोचा होता. बाई इतके दिवस फाटकाशी उभी राहून ओरडून पुरावाच सांगत होती. "तळावर खोपीखोपीत कोयते असतात, साहेब. एक आणला. चोर तोच हाय, फक्त कागद कमी पडत होता."

जमादार पैसे खाणारा नव्हता. त्याला मनापासून वाटत होते की आपण न्यायाचे काम केले. मला आजही सगळ्यात भयंकर वाटते ते त्याचे हेच वाक्य. चोर तोच आहे हे आधी ठरवायचे आणि कागद नंतर भरायचा! असा कागद भरणारा पोलीस स्वतःला न्यायाधीश समजत असतो, आणि खरा चोर बाहेर बसून त्याचे आभार मानत असतो. निरपराध माणूस आत बसतो तेव्हा गुन्हेगार मोकळा फिरतो, एवढा साधा हिशोब खोटी सही करणाऱ्या हाताला कळत नाही. माझ्याही हाताला कळला नव्हता.

जमादाराने बाहेर नेऊन मला वाट सुचवली. "ब्रदरला साक्षीदारांच्या यादीतून काढू. चहावाला हाय ना. तो बिलकुल उलटणार न्हाई."

चहावाल्याला बोलावले. तू काय पाहिलेस, असे विचारले. तो म्हणाला, "म्या सही करतो, साहेब, वाचत न्हाई. वाचत बसलो तर चहा उतू जातो."

मी दुपारपर्यंत काहीच ठरवले नाही, हेही लिहायला हवे. मनात सत्काराचा हार होता, वरिष्ठांचे शाबासकीचे पत्र होते, बढतीची यादी होती. खिडकीतून बाहेर पाहिले तर ब्रदर बाकावर बसून डबा उघडत होता. शेजारी जमादार. ज्याने खोटी सही घेतली त्याला तो अर्धी भाकरी आणि ठेचा देत होता आणि जमादार मान खाली घालून खात होता. या माणसाच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. माझी नोकरी टिकणार होती की त्याची, हे कुणालाच माहीत नव्हते, पण आमच्या दोघांत पोटभर जेवणारा तोच होता.

मी ब्रदरचा पुरवणी जबाब घेतला. मग स्टेशन डायरी ओढली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिले की सदर पंचनाम्याच्या वेळी मी हजर नव्हतो, पंचही हजर नव्हते, जप्त कोयता आरोपीने काढून दिलेला नाही. तसाच अहवाल पोलीस अधीक्षकांना पाठवला. ब्रदरला घरी जायला सांगितले. तो म्हणाला, "एवढंच?" मी म्हणालो, "आता माझं काम सुरू झालं."

खोटा कागद काढला तर फाईल बारीक झाली. मी ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली. घटनास्थळाचा पंचनामा खरा होता. तो शेतातच लिहिला होता, गावच्या दोन शेतकऱ्यांसमोर, आणि त्यातले एक वाक्य आम्ही कुणीच नीट वाचले नव्हते. डीपीच्या खांबावरचे तिन्ही डिओ, म्हणजे वरचे मोठे फ्यूज, एकसारखे खाली सोडलेले होते.

डीपी फोडायच्या आधी वीज बंद करावी लागते. साधे चोर तारेवर साखळी फेकतात, त्याने सगळ्या भागाचीच लाईन जाते. त्या सकाळी शेजारच्या डीपीवरच्या मोटारी मात्र चालू होत्या. सबस्टेशनच्या नोंदवहीतही लाईन गेल्याची नोंद नव्हती. म्हणजे कुणीतरी लांब काठीने फक्त त्या डीपीचे तीन डिओ सराईतपणे पाडले होते. ऊस तोडणाऱ्या माणसाकडे ती काठी नसते आणि तो हातही नसतो. त्या पाच-सहा गावांत अशी काठी घेऊन फिरणारा एकच माणूस होता. त्यानेच मला स्टुलावर उभे राहून खबर दिली होती.

एक गोष्ट मग आठवली. खबर देणारा माणूस खबर देऊन निघून जातो. हा मात्र दर आठवड्याला यायचा, बल्ब ठीक असला तरी, आणि विचारायचा, "काय झालं साहेब त्या केसचं?" मला वाटायचे, काळजी आहे.

बोलावले तेव्हा तो हसतच आला. "साहेब, मीच तर तुमाला बातमी दिल्ती."

"म्हणूनच बोलावलं. डिओ कुणी पाडले?"

"कुठले डिओ?"

"तिन्ही. एकसारखे. तुझं काम चांगलं आहे, लपत नाही."

त्याने पाणी मागितले. दोन घोट घेतले आणि पेला हातातच धरून बसला. मी काही बोललो नाही. चौकशीत गप्प बसणे हे मारहाणीपेक्षा अवघड आणि जास्त कामाचे असते. थोड्या वेळाने त्याने माल स्वतःच्या शेतातल्या पत्र्याच्या खोलीत ठेवल्याचे सांगितले. म्हातारा अचानक आला, ओळखेल या भीतीने त्याच काठीने मारले, असे म्हणाला.

या वेळी आम्ही पंचांना घेऊन गेलो. तीन किलोमीटर, भर उन्हात. चहावाल्याला मी मुद्दाम पुन्हा पंच म्हणून घेतले होते. तो धापा टाकत म्हणाला, "आधी बरं होतं, साहेब. सही बसल्या जागी व्हायची." पत्र्याच्या खोलीत तेलाचा ड्रम निघाला, तारेचे भेंडोळे निघाले, काठी निघाली. चहावाल्याने प्रत्येक वस्तू हात लावून पाहिली, पंचनामा अक्षर न् अक्षर वाचून घेतला आणि मग सही केली. मला वाटते, आयुष्यात पहिल्यांदाच.

कोर्टात मी कलम १६९ प्रमाणे अहवाल दिला, की या आरोपीविरुद्ध पुरावा नाही, त्याला मुक्त करावे. शनिवारी दुपारी हुकूम झाला. कागद तुरुंगात पोहोचून सुटका सोमवारी होणार होती. दुसरा दिवस महिन्याचा पहिला रविवार होता. मी साध्या कपड्यांत त्यांच्या चर्चमध्ये गेलो आणि मागच्या रांगेत बसलो. ब्रदर पुढे बायकोसोबत होता. ताट आले. त्याने ते दोन्ही हातांनी घेतले आणि शेजारच्याला दिले.

बाहेर आल्यावर मी त्याला गाठले. "ब्रदर, काल हुकूम झाला. तुम्हाला निरोप पोचला नाही का?"

"पोचला ना, साहेब. देव तुमचं भलं करो. पण तो पोरगा आत्ता कुठं हाय?"

"तुरुंगात. उद्या सुटेल."

"मंग पुढल्या महिन्यात घेतो. घाई काय हाय?"

त्याची बायको शेजारी उभी होती. "ह्यांचं असंच हाय, साहेब. लग्नालाबी असाच उशीर केला होता. चला, चहा घ्या."

दोन दिवसांनी मी तळावर गेलो. फडात तोड चालू होती. कोर्टाच्या हुकमाने सोडवून आणलेला कोयता मी त्या बाईच्या हातात दिला. तिने धारेवरून अंगठा फिरवला, "गंज चढवला," एवढेच म्हणाली आणि पाठ फिरवली. मी तिच्या नवऱ्यासमोर उभा राहिलो. टोळी काम थांबवून ऐकत होती.

"त्या कागदावर मी खोटी सही केली होती. मी तिथं नव्हतो. तुझ्यावर अन्याय झाला आणि तो माझ्या हातून झाला."

"हे कोर्टात सांगितलं नव्हं तुमी?"

"सांगितलं. तुला सांगायचं राहिलं होतं."

"आन् माझे तीन महिने?"

"ते मला परत देता येत नाहीत."

"न्हाईच येत," तो म्हणाला. "गाडी भरायची हाय, साहेब. सरका बाजूला."

मी बाजूला सरलो. त्याने मला माफ केले नाही. करायला तो बांधील नव्हता, आणि मी माफी मिळावी म्हणून गेलो नव्हतो. हेही मी ब्रदरकडून शिकलो होतो. देणे फेडायला गेलेल्या माणसाने पावती मागू नये.

मी देवधर्म करणारा माणूस नाही, आजही नाही. पूर्वी मला वाटे, निर्मळ मनाचा माणूस म्हणजे ज्याने काही चूक केलेली नाही तो. असा माणूस मला वर्दीत भेटला नाही आणि वर्दीबाहेरही नाही. ब्रदरने चूक केली होती, तीही एका गरिबाला तुरुंगात घालणारी. पण त्याच्या श्रद्धेने त्याला देवाच्या माफीआड लपू दिले नाही. त्या श्रद्धेने त्याला त्याच्याच पायांनी ठाण्यात आणले, जमादारासमोर बसवले, आणि जे मोडले ते पुरते जुळेपर्यंत ताटाला हात लावू दिला नाही. वरून कुणाचा हुकूम नव्हता. पाळत ठेवायला कुणी नव्हते. आमच्या खात्यात पाळत ठेवायला माणसांवर माणसे आहेत, आणि तरी त्या कागदावर तीन खोट्या सह्या झाल्या. मन साफ ठेवणे हे नाजूक माणसांचे काम आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी नोकरी घालवायच्या तयारीने डबा घेऊन ठाण्यात जाऊन पाहावे.

ब्रदरला त्याच्या खात्याने लेखी ताकीद दिली. नोकरी वाचली. जमादाराची बदली झाली. माझी खातेनिहाय चौकशी लागली आणि बढती पुढे गेली. चौकशीला आलेले अधिकारी माझ्याहून वरिष्ठ, सज्जन गृहस्थ होते. त्यांनी फाईल दोनदा चाळली आणि चष्मा काढला.

"आरोपीची तक्रार नाही, त्याच्या बायकोची नाही, पंचाने तुमच्यावर काही आरोप केलेला नाही," ते म्हणाले. "तक्रारदाराचा रकाना रिकामा आहे. तुम्हाला हवं असेल तर मी हे प्रकरण इथंच बंद करू शकतो. तक्रारदाराशिवाय चौकशी चालवू कशी?"

मी तो कागद माझ्याकडे ओढला. तक्रारदाराच्या रकान्यात स्वतःचे पूर्ण नाव आणि हुद्दा लिहिला, आणि कागद परत त्यांच्यापुढे सरकवला.

"आता चालवा," मी म्हणालो.